हातातले तेरा किलो

सदानंद मयेकरांना बायकोचा हात धरून चालताना बोळिंजच्या त्यांच्या सोसायटीत कुणी कधी पाहिलं नव्हतं. बत्तीस वर्षांच्या संसारात ते आपले चार पावलं पुढे आणि जयवंतीबाई पिशवी सांभाळत मागे, असाच रिवाज. पण दोन हजार आठ सालच्या जानेवारीनंतर हे चित्र पार उलटं झालं. बाई जिथे जातील तिथे सदानंदराव त्यांच्या डाव्या अंगाला चिकटलेले. स्वयंपाकघरात, गॅलरीत, लिफ्टपर्यंत. शेजारपाजारच्या बायका एकमेकींना म्हणायच्या, "नवरा असावा तर असा." ते कानावर आलं की जयवंतीबाई नुसत्या हसायच्या. त्या हसण्यात थोडा कंटाळाही होता, पण तो कुणाच्या लक्षात आला नाही.

जानेवारीत एका सकाळी त्या इस्त्री करत होत्या. डाव्या हाताने साडीची घडी धरायला गेल्या तर घडी सुटली. पुन्हा धरली, पुन्हा सुटली. "अहो, माझा हात बघा काय करतोय," एवढं म्हणाल्या आणि तिथेच जमिनीवर बसल्या. सदानंदरावांनी आधी इस्त्रीचं बटण बंद केलं आणि मग बायकोला सावरलं. या क्रमाबद्दल त्यांनी पुढे कित्येक महिने स्वतःला दोष दिला. मेंदूतली रक्तवाहिनी तुंबली होती. अठरा दिवस इस्पितळात गेले. वाचा शाबूत राहिली, बुद्धीला धक्का लागला नाही. पण डावा हात लुळा पडला आणि डावा पाय असून नसल्यासारखा झाला. पाऊल खाली लोंबायचं, टाच टेकायच्या आधी बोटंच फरशीला अडकायची, आणि गुडघा केव्हा दगा देईल याचा नेम नाही.

घरी आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात दारावरची बेल वाजली. सदानंदरावांनी बाईंना ओट्याशी उभं केलं, "धरून राहा हं, आलोच," म्हणाले आणि कुरिअरवाल्याच्या कागदावर सही करायला गेले. सहीचं शेवटचं अक्षर काढतायत तोच आतून आवाज आला. ओट्याची कड हनुवटीला लागली होती. सात टाके पडले.

त्या दिवशी सदानंदरावांनी मनाशी गाठ मारली. पुन्हा हात सोडायचा नाही. आणि माणूस शब्दाचा पक्का. मुलगा जितेंद्र पुण्याहून फोन करून बाई ठेवा, बाई ठेवा म्हणून सांगून थकला. "बाई काय, बेल वाजली की जाईल दाराशी," हे त्यांचं उत्तर ठरलेलं.

व्यायाम शिकवायला पापडी गावाहून हिल्डा यायची. पंचविशी-सव्विशीची, हसरी, हाताला जोर असलेली मुलगी. काका-काकू करत करत तिने काकूंना खुर्चीतून उठायला शिकवलं, काठीवर भार टाकायला शिकवलं. पण सहा महिने झाले आणि प्रगती जणू एका पायरीवर येऊन बसली. काकू चालायच्या, पण काकांच्या हाताशिवाय नाही.

जुलैत एक दिवस हिल्डा म्हणाली, "काकू, एक मशीन आलंय. पायाला बांधायचं. करून बघता?"

वसईत एक धर्मादाय उपचार केंद्र होतं आणि हिल्डाची निम्मी नोकरी तिथे होती. मुंबईच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणाऱ्या राधिका सामंत नावाच्या बाई तिथे आपल्या यंत्राची चाचणी घेत होत्या. सहा रुग्ण, आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा. एक रुग्ण गावी निघून गेला होता, म्हणून जागा होती.

"यंत्र बांधून चालायचं म्हणजे मी काय आगगाडी आहे?" जयवंतीबाई म्हणाल्या. पण डोळे चमकले होते. सदानंदरावांना ते दिसलं आणि त्यांनी लगेच रिक्षावाल्याला सांगून ठेवलं.

यंत्र बघून मात्र दोघांचीही थोडी निराशा झाली. सिनेमातला यंत्रमानव त्यांच्या डोक्यात होता आणि समोर होत्या अॅल्युमिनियमच्या दोन पट्ट्या, चार कापडी पट्टे, गुडघ्यापाशी एक आणि घोट्यापाशी एक मोटर, कमरेला बॅटरीची पिशवी आणि तिथून राधिकाच्या लॅपटॉपकडे गेलेली काळी वायर. पायात घालायला खास बूट, दोन्ही तळव्यांखाली वजन मोजणारी चकती.

राधिका तिशीची असेल. केस वर बांधलेले, पेन केसांत खोचलेलं. तिने नीट समजावून सांगितलं. "काकू, हे यंत्र तुम्हाला ओढत नेणार नाही. हे फक्त वाट बघतं. तुमच्या डाव्या पावलावर वीस किलो भार आला, की याला कळतं, पाय जमिनीवर आहे. मग ते गुडघा घट्ट धरतं, दुमडू देत नाही. भार निघाला, की याला कळतं, आता पाऊल टाकायचंय. मग गुडघा वाकवतं आणि बोटं वर उचलतं. म्हणजे निघायचं तुम्ही, साथ द्यायची त्याने."

"आणि पडले तर?"

"कमरेला पट्टा बांधू. काका मागून धरतील. भार घ्यायचा नाही काका, नुसता सैल धरायचा. काही झालंच तर सावरायला."

"नुसता सैल," सदानंदराव म्हणाले आणि पट्टा हातात घेतला.

त्या दिवशी जयवंतीबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा सलवार-कमीज घातला होता. आरशात बघून स्वतःच लाजल्या होत्या. यंत्र बांधून उभ्या राहिल्या, मोटर घुर्रर्र झाली, आणि त्या म्हणाल्या, "जावई आल्यासारखं वाटतंय. हे पाहिजे, ते पाहिजे, आणि वर हा कधी रुसेल सांगता येत नाही." त्यांना मुलगी नव्हती. तेव्हापासून यंत्राचं नाव जावई पडलं.

आणि जावई खरंच रुसला. पहिल्या बैठकीत चार पावलं बरी गेली. दुसऱ्या बैठकीत मात्र डावा पाय टेकवून बाई उजवा उचलायला गेल्या आणि नेमक्या त्याच क्षणी यंत्राने डावा गुडघा वाकवला. बाई कोलमडल्या. सदानंदरावांनी पट्ट्यासकट वर उचलून धरलं म्हणून निभावलं. हिल्डा धावली, राधिकाने वायर उपटली. तिसऱ्या बैठकीत तेच, चौथ्यात तेच. राधिकाने चकती बदलली, वायरी बदलल्या, एक दिवस तर घरून वजन करून भरलेली तांदळाची पिशवी आणून चकतीवर ठेवली. आकडा अचूक आला. स्वतः उभी राहिली, अचूक. बाकीच्या पाचही रुग्णांना यंत्र साथ देत होतं. रुसत होतं ते फक्त काकूंवर.

सहाव्या बैठकीनंतर राधिकाने खुर्ची ओढून घेतली. बोलायला जड जात होतं हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

"काकू, मशीनमध्ये दोष नाहीये. तुमच्या डाव्या पायावर पंधरा किलोच्या वर भार येतच नाही. मशीनला वाटतं पाय अजून हवेत आहे, म्हणून ते पाऊल उचलायला जातं. बहुतेक... पायात अजून तेवढी ताकद नाही. अशाने तुम्ही पडाल. पुढची एक बैठक बघू. नाहीतर थांबावं लागेल."

जयवंतीबाईंनी मान हलवली. "चालायचंच," म्हणाल्या. रिक्षाने निर्मळ गाव मागे टाकलं. मग बाहेर बघत म्हणाल्या, "मला वाटत होतं हो, पाय आहे म्हणून. आतून वाटत होतं. वेडं असतं मन."

सदानंदरावांचा उजवा खांदा ठणकत होता. गेले कित्येक दिवस ते रोज त्याला बाम चोळत होते आणि वयाला बोल लावत होते. त्यांनी राधिकाकडून त्या दिवसाच्या आकड्यांचा छापील कागद मागून घेतला होता. का, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. नोकरीची सवय, दुसरं काय. एकोणतीस वर्षं त्यांनी वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढली होती. आकडा दिसला की तपासल्याशिवाय हात स्वस्थ बसत नसे.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं उरकल्यावर त्यांनी कागद टेबलावर पसरला. चष्मा लावला. चालण्याच्या रेघोट्या त्यांना कळल्या नाहीत, पण वर एक ओळ कळली. स्थिर उभं असताना: उजवा पाय सदतीस किलो, डावा पाय पंधरा किलो.

सदतीस आणि पंधरा बावन्न.

"जया, तुझं वजन किती गं?"

"हे काय विचारणं झालं? एकसष्ट. मागच्या आठवड्यात हिल्डाने केलं होतं."

"आणि जावयाचं?"

"चार किलो, बॅटरीसकट. का?"

एकसष्ट आणि चार पासष्ट. कागदावर बावन्न. सदानंदरावांनी पेन खाली ठेवलं. पाय कमजोर असेल तर भार दुसऱ्या पायावर जाईल. इकडचं तिकडे होईल, पण बेरीज कमी कशी होईल? माणूस जमिनीवर उभा आहे, त्याचं वजन जमिनीतच उतरणार. तेरा किलो हवेत तर विरघळत नाहीत. काठी तर त्या दिवशी दिलीच नव्हती. चकती अचूक, तांदळाची पिशवी अचूक. मग तेरा किलो गेले कुठे?

बाजारात असले तेरा-तेरा ग्रॅम त्यांनी शेकड्यांनी पकडले होते. काटा मारणाऱ्यांच्या सगळ्या युक्त्या त्यांना पाठ होत्या. पारड्याखाली चिकटवलेला लोहचुंबक, पोकळ केलेलं वजन. आणि सगळ्यांत जुनी, सगळ्यांत साधी युक्ती म्हणजे वजनाच्या पारड्याला खालून लावलेलं बोट. गिऱ्हाइकाला दिसत नाही, आणि दुकानदार शपथ घेतो, साहेब, मी हातही लावला नाही.

सदानंदरावांनी आपला उजवा तळवा उलटा करून बघितला. चार बोटांच्या मुळाशी आडवी, लाल, जाड रेघ उठली होती. कमरपट्ट्याची.

त्यांनी डाव्या अंगठ्याने ती रेघ दाबून बघितली. मग उठले, न्हाणीघरातला वजनकाटा आणून खिडकीपाशी ठेवला आणि म्हणाले, "जया, जरा उभी राहतेस यावर? खिडकीच्या कठड्याजवळ. पण कठड्याला हात लावू नकोस."

"आता हे काय नवीन?"

"राहा तर."

त्यांनी बाईंना उभं केलं, घरात पट्ट्याऐवजी कमरेला बांधलेल्या ओढणीला नेहमीसारखं धरलं, अगदी सैल, आणि वाकून काटा बघितला. अठ्ठेचाळीस. हलून एकोणपन्नास. पुन्हा अठ्ठेचाळीस.

"बघ," ते म्हणाले. "किती दिसतंय?"

"अठ्ठेचाळीस. एवढी बारीक झाले मी?"

"आता मी हात काढतोय. घाबरू नको. कठडा जवळ आहे."

हात काढायला त्यांना किती वेळ लागला, कोण जाणे. एकेक बोट सोडवावं लागलं. शेवटचं बोट सुटलं तसा काटा सरकला, थरथरला आणि एकसष्टवर जाऊन थांबला. जयवंतीबाई उभ्या होत्या. किंचित डुलत होत्या, पण उभ्या होत्या. दोन्ही पायांवर.

"तेरा किलो," सदानंदराव म्हणाले. "माझ्या हातात होते. तुझा पाय पंधराच घेतो असं नाही. मी घेऊच दिलं नाही त्याला."

जयवंतीबाई काट्याकडे बघत राहिल्या. रडतील असं सदानंदरावांना वाटलं. पण त्या म्हणाल्या, "मी किती वेळा म्हटलं तुम्हाला. सोडा हो, सोडा हो. रोज म्हणते."

"मला वाटायचं, तू माझी कीव करून म्हणतेस."

"कीव कसली! मला माझा पाय कळत होता." मग आपल्या हनुवटीवरच्या व्रणाकडे नवऱ्याची नजर लागलेली बघून म्हणाल्या, "त्या दिवशी तुमची चूक नव्हती. मीच बरणी काढायला गेले होते. वरच्या फळीवरची. तुम्हाला सांगितलं नाही, ओरडाल म्हणून."

सदानंदराव खुर्चीवर बसले. सहा महिने छातीवर ठेवलेला दगड कुणी उचलून बाजूला ठेवावा, तसं त्यांना झालं. हसावं की रागवावं कळेना. दोन्ही एकदमच आलं. "बरणी?" एवढंच म्हणाले.

"लिंबाच्या लोणच्याची," जयवंतीबाई म्हणाल्या. "आता बसवा मला. पाय दुखतोय. डावा दुखतोय हो, डावा!"

शुक्रवारच्या बैठकीला सदानंदरावांनी आधी कागद टेबलावर ठेवला आणि सरळ सांगून टाकलं. "राधिकाताई, तुमचं यंत्र खरं बोलत होतं. काटा मी मारत होतो." आणि तळवा उघडून दाखवला.

राधिकाने कागदावरची बेरीज केली, पुन्हा केली, आणि कपाळावर हात मारून घेतला. "मी डावा-उजवा एवढंच बघत बसले. दोघांची बेरीज करायचं सुचलंच नाही मला!"

हिल्डाचा चेहरा उतरला. "चूक माझी पण आहे, काका. पट्टा मी धरायला हवा होता. तुम्ही उंच, हाताचे भक्कम, मला वाटलं बरंच आहे."

"चुकांची वाटणी मागाहून करा," जयवंतीबाई म्हणाल्या. "मला उभं करा आधी."

हिल्डाने पट्टा हातात घेतला. राधिकाने सदानंदरावांना हॉलच्या दुसऱ्या टोकाला खुर्ची दिली. तिथे बसणं हे त्या वर्षातलं सगळ्यांत अवघड काम होतं. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

बाई उभ्या राहिल्या. राधिका आकडा वाचू लागली. "बावीस... पंचवीस... सत्तावीस! काकू, सत्तावीस!" गुडघ्याची मोटर एकदा घुर्र करून गप्प झाली. गुडघा घट्ट. उजवा पाय पुढे पडला. मग भार सरकला, डावा पाय हलका झाला, यंत्राने हलकेच वाकवला, बोटं वर उचलली, आणि टाच, आधी टाच, फरशीवर टेकली. सहा महिन्यांत त्या पायाची टाच आधी टेकलेली सदानंदरावांनी पाहिली नव्हती.

पाच पावलं झाली. सहा. सातव्याला बाईंचा तोल डावीकडे गेला, खांदा झुकला, आणि सदानंदराव ताडकन उठले.

"बसा!" जयवंतीबाई ओरडल्या.

ते बसले. गुडघा दुमडला नव्हता. यंत्राने धरून ठेवला होता, आणि त्यावर तोललेलं अंग बाईंनी स्वतःच सरळ केलं. हिल्डाच्या हातातला पट्टा सैल लोंबत होता. मग आठवं, नववं. अकराव्या पावलाला त्या खुर्चीपर्यंत पोहोचल्या, घामाने डबडबलेल्या, आणि नवऱ्याच्या खांद्यावर उजवा हात टेकून म्हणाल्या, "जावई शहाणा आहे. सासराच आड येत होता."

हसता हसता सदानंदरावांचे डोळे वाहू लागले. राधिकाने तोंड फिरवून लॅपटॉपमध्ये उगाच काहीतरी बघितलं. तिच्याही मनावरचा भार उतरला होता. यंत्र मोडीत काढायचं की काय, इथवर तिचा विचार गेला होता, हे तिने नंतर चहा पिताना सांगितलं.

त्या संध्याकाळी घरी जयवंतीबाई काठी टेकत न्हाणीघराकडे निघाल्या. सदानंदराव सवयीने मागे निघाले. दाराशी त्या वळल्या. "इथेच थांबा." आत गेल्या. दार लोटलं. आणि आतून कडी लागली. इतके महिने ते दार उघडं असायचं आणि सदानंदराव भिंतीकडे तोंड करून उभे असायचे. बत्तीस वर्षं दोघांनी न बोलता जी मर्यादा पाळली होती, ती मोडल्याची लाज बाईंनी मुकाट्याने गिळली होती. सदानंदराव बाहेर उभे राहिले. आतून पाण्याचा आवाज आला, मग गुणगुणणं. ते हळूच जाऊन बाहेरच्या खोलीत बसले. पेपर उघडला. एक ओळ वाचली नाही, पण उघडला.

यंत्र म्हणजे जादू नव्हे, हे पुढच्या आठवड्यांत कळलं. काही दिवस पाय सुजायचा. एकदा भारनियमनात बॅटरी नीट भरली नाही आणि बैठक फुकट गेली. राधिका दर आठवड्याला यंत्राची मदत थोडी थोडी उतरवत होती आणि काकूंना आधी सांगून उतरवत होती. "आज त्याने सत्तर टक्के, बाकी तुम्ही." मग पन्नास. मग तीस. त्या दिवशी बाई चिडल्या, एकदा यंत्राला शिव्याही घातल्या. पण पाऊल टाकलं. आणि राधिकाने आपल्या तक्त्यात एक नवा रकाना वाढवला. दोन्ही पायांची बेरीज. प्रत्येक रुग्णाची, प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला. आणखी दोन घरांत असेच चार-पाच किलो मायेच्या हातात सापडले.

सप्टेंबरच्या अखेरीस शेवटची बैठक झाली. यंत्र पेटीत भरून कॉलेजात गेलं. ते आपल्याला मिळणार नाही हे आधीपासून ठाऊक होतं. जयवंतीबाईंच्या बुटात आता प्लास्टिकची साधी पट्टी असते, पाऊल लोंबू नये म्हणून, आणि हातात काठी. डावा हात अजून फारसा वळत नाही. पण घरभर त्या एकट्या फिरतात, आणि लिफ्टने खाली उतरून सोसायटीच्या बाकावर बसून येतात.

शेवटच्या बैठकीच्या दिवशी निघताना हिल्डा सदानंदरावांना म्हणाली, "काका, काकूंचं झालं. आता तुमचं काय? किती महिने घराबाहेर एकटे गेला नाहीत? या पापडीला. माझे बाबा वाडीत एकटेच असतात, त्यांना गप्पा मारायला कुणीतरी हवंच असतं."

"आणि ही?"

"ही घरी टीव्ही बघेल," जयवंतीबाई म्हणाल्या. "जा म्हणते ना."

ऑक्टोबरातल्या एका दुपारी ते गेले. हिल्डाचे वडील निकोलस नारळ-केळीच्या वाडीत बाजेवर बसले होते. घरात त्यांची बोली वेगळी, पण पाहुण्याशी साध्या मराठीत बोलले. राजेळी केळी पुढे केली, शहाळं सोललं, आणि पन्नास वर्षांपूर्वी विहिरीवर रहाट कसा चालायचा ते सांगायला लागले. सदानंदराव ऐकत होते. मध्येच बाजेवर कलंडले. निकोलस रहाटावरून बैलावर आले, तोपर्यंत पाहुण्याला गाढ झोप लागली होती. यजमानांनी शहाणपणा केला आणि आवाज उतरवला.

मोबाइल वाजला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. सदानंदराव दचकून उठले. "जया? काय झालं? पडलीस का?"

"काही नाही झालं. चहा करून प्यायले. तुम्ही जेवणाला येताय ना, एवढंच विचारायचं होतं."

"निघतोच."

"घाई नाही हो. बसा अजून."

फोन बंद झाला. सदानंदरावांनी तो खिशात टाकला, दोन्ही हात डोक्याखाली घेतले आणि झावळ्यांकडे बघत पुन्हा पडून राहिले.

"हं," ते निकोलसना म्हणाले, "बैलाचं काय झालं मग?"